रोप रात्र मोजतं

आमच्या गच्चीवर शेवंतीच्या आठ कुंड्या आहेत. आठही एकाच घरच्या लेकी. आदल्या वर्षीच्या झाडाच्या बुडाशी फुटलेल्या काश्या पावसाच्या तोंडावर वेगळ्या करून मी लावल्या होत्या. माती एकाच ढिगातली, खत एकाच पोत्यातलं, पाणी एकाच झारीनं. दोन वर्षांपूर्वी तुळशीचं लग्न लागलं तेव्हा पाण्याच्या टाकीमागच्या चार कुंड्या पिवळ्याधमक फुलल्या होत्या, आणि रस्त्याकडच्या कठड्यालगतच्या चार कुंड्यांत एकही कळी नव्हती. झाडं आजारी म्हणावीत तर तसंही नाही. उलट तीच जास्त उंच, पानं तुकतुकीत.

"खायला कमी पडतंय गं त्यांना," शेजारच्या काकू म्हणाल्या. "केळ्याच्या सालींचं पाणी घाल चार दिवस."

घातलं. मग पेंडीचं पाणी घातलं. पानं आणखी हिरवी झाली, कळी नाहीच.

एका रात्री वाळत घातलेले कपडे काढायला वर गेले आणि कठड्यापाशी थबकले. हातातल्या औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं मला तिथे वाचता येत होती. त्याच पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या खांबावर जुन्या पिवळ्या दिव्याच्या जागी पांढरा एलईडी बसला होता आणि त्याचा झोत थेट आमच्या कठड्यावर पडत होता. टाकीमागे मात्र मिट्ट काळोख. त्या चार कुंड्यांना खत भरपूर मिळत होतं. त्यांना रात्र मिळत नव्हती.

तेव्हापासून मी बागेकडे रात्रीच्या बाजूने बघायला शिकले. इंदूरमध्ये राहणाऱ्याला 'शब-ए-मालवा' हे शब्द नवे नाहीत. सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध आणि शब-ए-मालवा. पहाट बनारसची, संध्याकाळ लखनौची, रात्र आपल्या माळव्याची. आपण एवढं कौतुक करतो त्या रात्रीचं, पण झाडांचा विषय निघाला की बोलतो उन्हाबद्दल. किती तास ऊन येतं, कुठल्या दिशेचं येतं, उन्हाळ्यात हिरवी जाळी लावली का. घरच्या बागेतली बरीच कोडी मात्र रात्रीचे दोन प्रश्न विचारले की सुटू लागतात. रात्र किती लांब आहे? आणि रात्र किती गरम आहे?

आधी लांबीचं.

अमेरिकेत मेरीलँड मॅमथ नावाची तंबाखूची एक जात होती. उन्हाळाभर ती माणसाच्या डोक्याच्या वर जाईपर्यंत वाढायची, पण फुलायची नाही. तीच रोपं हिवाळ्यात काचघरात ठेवली की लहान असतानाच फुलायची. तिथल्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि ॲलार्ड या दोघांनी ऊब, ओल, खत सगळं तपासलं. कशाचाच मेळ बसेना. शेवटी त्यांनी भर उन्हाळ्यात रोज दुपारी रोपं एका अंधाऱ्या खोपटात ढकलायला आणि सकाळी बाहेर काढायला सुरुवात केली. तंबाखू फुलली. १९२० साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि अशा झाडांना 'लहान दिवसाची झाडं' हे नाव मिळालं.

नाव आजही तेच चालतं, पण ते थोडं फसवं आहे. १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर या शास्त्रज्ञांनी कपड्यांना काटेरी बोंडं चिकटवणारं आपल्या ओळखीचं तण घेऊन प्रयोग केला. दिवसाच्या मधोमध झाडावर थोडा वेळ अंधार केला, तर झाडाला काही फरक पडला नाही. लांब रात्रीच्या मधोमध थोडा वेळ दिवा लावला, तर झाड फुललंच नाही. म्हणजे ते मोजत होतं ती रात्र, आणि रात्र सलग असावी अशी त्याची अट होती.

मला हे विरजणासारखं वाटतं. कोमट दुधात विरजण घालून भांडं ओट्यावर निवांत ठेवलं की सकाळी कवडी दही लागतं. मध्यरात्री कुणी उठून त्यात डाव फिरवला तर सकाळी हाती चोथापाणी येतं. दूध तेच, विरजण तेच, तासही तेवढेच. फक्त मोडलेले.

पानांत फायटोक्रोम नावाचं एक रंगद्रव्य असतं आणि त्याची दोन रूपं असतात. उजेडातले लाल किरण पडले की ते एका रूपात जातं, त्याला आपण जागं रूप म्हणू. अंधार झाला की ते हळूहळू निजलेल्या रूपाकडे परततं. शेवंतीसारख्या झाडात जागं रूप बराच वेळ उरलेलंच नाही असं झाल्याशिवाय कळी धरण्याचा निरोप निघत नाही. मध्येच उजेड पडला की निजलेलं पुन्हा जागं होतं आणि केलेली मोजणी वाया जाते. अमेरिकन शास्त्रज्ञांनी हे रंगद्रव्य १९५९ मध्ये वेगळं करून दाखवलं. ही सोपी करून सांगितलेली गोष्ट आहे. झाडाच्या पेशींत दिवसरात्रीचं स्वतःचं घड्याळही चालतं आणि उजेड त्या घड्याळाच्या कुठल्या वेळी पडला यालाही महत्त्व असतं. बागेपुरतं विरजणाचं चित्र पुरेसं आहे.

आणि ही मोजणी करतं कोण? फूल शेंड्याला येतं, म्हणून आपल्याला वाटतं शेंडाच ठरवत असेल. सोव्हिएत शास्त्रज्ञ चायलाख्यान यांनी १९३०च्या दशकात नेमकी शेवंतीच घेऊन हे तपासलं. शेंड्याकडची पानं काढून टाकली, खालच्या पानांना लांब रात्र दिली आणि वरचा भाग लांब दिवसात ठेवला. शेंडा तरीही फुलला. म्हणजे पानं रात्र मोजतात आणि शेंड्याला निरोप पाठवतात. त्या अदृश्य निरोप्याला त्यांनी फ्लोरिजेन असं नाव दिलं. तो निरोप्या म्हणजे एक प्रथिन आहे हे सिद्ध व्हायला २००७ साल उजाडलं. सत्तर वर्षं लागली. शेवंतीचा गजरा माळताना मला हे आठवतं आणि दर वेळी नवल वाटतं.

आता इंदूरचा हिशेब. २१ जूनच्या आसपास आपल्याकडे दिवस साडेतेरा तासांचा असतो, म्हणजे रात्र साडेदहा तासांची. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस पावणेअकरा तासांवर येतो आणि रात्र सव्वातेरा तासांची होते. सप्टेंबरच्या २२-२३ तारखेला दोन्ही सारखे. पितृपक्ष-नवरात्राच्या सुमारास रात्र बारा तासांच्या पुढे सरकू लागते, हवाही उतरते, आणि शेवंती कळीच्या तयारीला लागते. तिथून फूल उमलायला जातीनुसार आठ ते दहा आठवडे किंवा थोडे जास्त. म्हणून आपल्याकडे तिचा हंगाम दिवाळीनंतर भरात येतो. म्हणूनच झाड भरगच्च व्हावं म्हणून शेंडे खुडायचे ते ऑगस्टअखेरपर्यंत. सप्टेंबर सरत असताना खुडलं तर आपण नुकत्याच धरू लागलेल्या कळ्याच खुडतो.

उजेड किती असला की बिघडतं? कोजागरीचं चांदणं आपल्याला लख्ख वाटतं, पण मोजलं तर ते एका लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भरत नाही. त्यानं झाडाला काही होत नाही, दूध खुशाल आटवा. रस्त्यावरच्या दिव्याखाली मात्र सहज दहा-वीस लक्स उजेड असतो, आणि काही जातींना तेवढा पुरतो. फूलशेती करणारे लोक याचाच उपयोग करतात. पॉलिहाऊसमध्ये रात्री दिवे लावून शेवंतीचा बहर लांबणीवर टाकतात, संध्याकाळी काळं कापड ओढून तो लवकर आणतात. दिवाळीच्या चार-पाच दिवसांच्या आकाशकंदिलानं फारसं बिघडत नाही, कारण तोवर कळ्या बहुधा धरलेल्या असतात. त्रास होतो तो रोज रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा: जिन्यावरचा बल्ब, फाटकावरचा दिवा, बाल्कनीत हौसेनं कायमची गुंडाळलेली माळ.

मी त्या चार कुंड्या डिसेंबरच्या मध्यावर उचलून टाकीमागे नेल्या. महाशिवरात्रीच्या सुमारास त्या फुलल्या. तुमची कुंडी हलण्यासारखी नसेल तर टीव्ही-फ्रिजचं मोठं खोकं संध्याकाळी सहाला उपडं घालायचं आणि सकाळी सात-आठला काढायचं. रोज, न चुकता, चार-पाच आठवडे, कळ्या चांगल्या दिसू लागेपर्यंत. एखाद्या दिवशी विसरलात तर जग बुडत नाही, पण दिवसाआड विसरलात तर ते दही लागणार नाही.

नाताळच्या वेळी लाल पानांनी सजणारा पॉइन्सेटियाही असाच, तोही काळोखाचा हट्टी. झेंडू त्या मानानं समजूतदार. त्याला लांब रात्र आवडते, पण ती नसली तरी तो अडून बसत नाही. त्यामुळे दसऱ्याच्या तोरणासाठी जून-जुलैत बी टाकलं तर घरचा झेंडू हमखास मिळतो.

याच्या उलट स्वभावाचीही झाडं असतात, आणि ती आपल्याला फेब्रुवारी-मार्चमध्ये छळतात. पालक छान पानं देत असतो आणि अचानक मधून दांडा वर काढतो, पानं अरुंद आणि कडसर होतात. कोथिंबिरीची पानं बडीशेपेसारखी बारीक होतात आणि वर पांढरी फुलं दिसतात. मुळ्याला तुरा येतो. दिवस लांबतोय, रात्र आखडतेय, ऊन चढतंय, आता बी धरून मोकळं व्हावं हे या झाडांनी ओळखलेलं असतं. खत-पाण्यानं ते थांबत नाही. तेव्हा पालक उपटून टाका आणि दोन-चार कोथिंबिरी मात्र राहू द्या. त्या फुलांवर मधमाश्या आणि मावा या किडीचा फडशा पाडणारे छोटे किडे येतात, आणि शेवटी घरचे धणेही मिळतात.

कांद्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण त्यात लोकांचे पैसे जातात. दिवस ठरावीक लांबीचा झाला की कांदा पोसायला लागतो. आपल्या भागातल्या वाणांना अकरा-बारा तासांचा दिवस पुरतो. युरोप आणि उत्तर अमेरिकेत लावतात त्या अनेक वाणांना चौदा तासांहून लांब दिवस लागतो. इंदूरचा वर्षातला सगळ्यात लांब दिवस साडेतेरा तासांचा. ऑनलाइन मागवलेल्या पाकिटावर कितीही देखणा कांदा छापलेला असो, त्याला हवा तो दिवस आपल्या आकाशात उगवतच नाही. पात मिळेल, झुणक्यापुरती.

आता रात्रीची दुसरी बाजू, तिचा गरमपणा. इथे मुख्य पात्र टोमॅटो.

"फुलं ढीगभर येतात आणि गळून पडतात" ही तक्रार मी दर एप्रिलमध्ये ऐकते. फुलाच्या देठावर मधोमध एक छोटी गाठ असते. फूल तिथूनच सुटून पडतं. हात लावायचा अवकाश, देठाचा तुकडा मागे राहतो आणि फूल तळहातावर येतं. टोमॅटोच्या फळधारणेचं गणित रात्रीच्या तपमानावर किती अवलंबून असतं हे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी १९४४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या प्रयोगांवरून दाखवलं. रात्र साधारण पंधरा ते वीस अंशांची असली की फळ नीट धरतं. रात्र चोवीस-पंचविसाच्या खाली उतरेनाशी झाली आणि दिवस पस्तिशीच्या पुढे गेला, की फूल गळू लागतं.

असं का होतं? दिवसा झाड साखर तयार करतं. रात्री तीच साखर श्वसनासाठी खर्च होते आणि उरलेली फुला-फळांकडे जाते. रात्र गरम असली की श्वसनाचा खर्च वाढतो आणि शिल्लक घटते. त्याहून नाजूक जागा म्हणजे परागकण. ते फूल उमलण्याच्या आठ-पंधरा दिवस आधी, कळीतच घडत असतात, आणि नेमकी त्या वेळची उष्णता त्यांना सोसत नाही. आज गळलेल्या फुलाचं नुकसान दीड-दोन आठवड्यांपूर्वीच झालेलं असतं. म्हणून आज गारवा आला तरी फळ लगेच धरत नाही, आणि आज मारलेल्या फवाऱ्यानं कालची कळी सुधारत नाही.

पण माळव्यातल्या रात्री फक्त गरम होऊन त्रास देत नाहीत. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच पठारावर आहे. पावसाळा संपला की हवा कोरडी, आकाश निरभ्र, त्यामुळे दिवसभराची ऊब रात्री झपाट्यानं वर निघून जाते. हीच ती कौतुकाची शब-ए-मालवा. जानेवारीत पारा दहाच्या आसपास, कधी त्याच्याही खाली उतरतो. तेरा अंशांच्या खालीही टोमॅटोचे परागकण नीट घडत नाहीत. थंडीत धरलेली कळी पुढे वेडंवाकडं, भेगाळलेलं, तोंडाशी शिवण पडल्यासारखं फळ देते. मुंबईची माझी बहीण जानेवारीत फोनवर विचारते, "तुझे टोमॅटो असे का गं, आमचे तर गोल गरगरीत?" तिच्याकडे जानेवारीची रात्र सोळा-सतरा अंशांची असते. टोमॅटोला मुंबईचा जानेवारी मानवतो, तसाच आपला ऑक्टोबर-नोव्हेंबर.

म्हणून इंदुरात टोमॅटोला दोन खिडक्या आहेत, असं मी मानते. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेर ही पहिली, फेब्रुवारी ते मार्चचा मध्य ही दुसरी. या काळात झाड फुलावर असेल असं बी टाकायचं. बी ते पहिलं फूल यात दोन महिने जातात असं धरलं तर पहिली पेरणी पंधरा ऑगस्टच्या आसपास आणि दुसरी डिसेंबरच्या सुरुवातीला. पहिलीच्या वेळी पाऊस असतो, म्हणून रोपं छपराखाली ट्रेमध्ये करायची आणि पाऊस ओसरला की लावायची. एप्रिलनंतर मोठ्या टोमॅटोच्या मागे लागू नये. चेरी टोमॅटो थोडा जास्त तग धरतो. मोठ्या टोमॅटोच्या कुंड्यांत तेव्हा गवार, भेंडी, चवळी लावा, त्यांना गरम रात्र मानवते.

गच्चीवर बाग करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. आपल्या गच्चीवरची रात्र अंगणातल्या रात्रीसारखी नसते. मे महिन्यात रात्री दहा वाजता आमच्या गच्चीच्या फरशीवर अनवाणी उभं राहवत नाही, आणि त्याच वेळी खाली अंगणात पारिजातकाच्या बुंध्याशी माती गार लागते. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते ओकत राहतो. कुंडी थेट फरशीवर असेल तर मुळं रात्रभर शेकतात. मी विटांवर लाकडी फळ्या टाकून कुंड्या वीतभर उचलल्या, काळ्या ग्रोबॅगना बाहेरून जुनं गोणपाट गुंडाळलं आणि सूर्य मावळल्यावर झाडांबरोबर फरशीवरही पाणी शिंपडायला लागले. या तीन गोष्टींनी माझ्या मिरच्यांचा हंगाम लांबला. कुठल्याही महागड्या टॉनिकनं तेवढं काम केलं नव्हतं.

वेलांची तऱ्हा आणखी निराळी. दुधी आणि दोडक्याची फुलं दिवेलागणीला उमलतात. गिलकीची पिवळी फुलं पहाटे. मुळात गिलकीला पुण्याचे पाहुणे घोसाळं म्हणतात, आमच्याकडे भजी गिलक्यांचीच. दुधीच्या पांढऱ्या फुलावर रात्री पतंग येतात आणि तेच पराग इकडून तिकडे नेतात. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर ते पोचत नाहीत. मग बोटाएवढा दुधी येतो, पिवळा पडतो, टोकाकडून सुकतो, आणि आपण म्हणतो झाडात जीव नाही. जीव असतो, परागच पोचलेले नसतात.

हे काम आपण करायचं. संध्याकाळी साडेसहा-सातला वेलाकडे जायचं. ज्या फुलाच्या मागे लांब सडपातळ देठ आहे ते नर. ज्याच्या मागे लवदार, इवलासा दुधी आधीच बसलेला आहे ती मादी. नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या, मधल्या केसरांवरची पिवळी पूड मादी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच टेकवून फिरवायची. एका नरावर दोन-तीन माद्या होतात. दोन-तीन दिवसांत लव असलेला दुधी खाली वाकून फुगू लागला की समजावं, धरलं. गिलकीसाठी हेच सकाळी सातच्या आत. मे-जूनमध्ये सगळीच फुलं नर येत असतील तर वेल उपटू नका. लांब दिवस आणि उष्णता असली की या वेलांना नर फुलं जास्त येतात. पावसानं हवा उतरली की माद्या दिसू लागतात.

एवढं सांगितल्यावर हेही सांगायला हवं की सगळं रात्रीवर ढकलता येत नाही. आपली काळी माती शेतात सोनं पिकवते, कुंडीत मात्र ती जीव घेते. बेसाल्टच्या खडकापासून झालेली ही चिकणमाती ओली झाली की फुगते, वाळली की आकसून भेगाळते. शेतात तिला पसरायला जागा असते. कुंडीत पावसाळ्यात ती हवा बंद करते, मुळं गुदमरतात आणि रोप पाण्यात उभं असूनही मान टाकतं. उन्हाळ्यात ती कडेनं सुटते, ओतलेलं पाणी फटीतून सरळ खाली जातं आणि मधला गोळा कोरडा राहतो. एक भाग काळी माती, एक भाग खत, एक भाग जाड वाळू किंवा कोकोपीट हे साधं मिश्रण मला पुरेसं वाटतं. ही माती चुनखडीची आणि अल्कधर्मी असते, त्यात बोअरचं जड पाणी पडलं की गुलाब, जास्वंद आणि अनंताची नवी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. मातीत लोह असतं, पण झाडाला ते उचलता येत नाही. अशा झाडांना शक्य तेव्हा साठवलेलं पावसाचं पाणी द्यावं, नर्मदेच्या नळाचंही चालेल, आणि खत वाढवावं. खिळे पुरून उपयोग होत नाही.

खताचा विषय निघाला की इंदूरकरांनी मान ताठ करावी. जगभर सेंद्रिय शेतीच्या वर्गात 'इंदूर पद्धत' शिकवतात, ती याच गावची. १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड हे ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ इथे आले आणि त्यांनी पिकांवर संशोधन करणारी संस्था सुरू केली. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. कापसाच्या पऱ्हाट्या, तण, पाला, गोठ्यातलं शेण, मुतानं भिजलेली माती आणि राख यांचे थर देऊन, ओल राखून, तीनदा उलथून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची रीत तिथे बसवली गेली. १९३१ मध्ये त्यावर पुस्तक निघालं, त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड हे मराठी नाव आहे. हॉवर्डना सगळे ओळखतात. वाडांचं नाव आपल्या गावातही फारसं कुणाच्या तोंडी नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गच्चीवर ती रीत लहान करून चालते. भोकं पाडलेला एक ड्रम, खाली काड्या, मग दोन-तीन भाग सुका पाला आणि एक भाग स्वयंपाकघरातला ओला कचरा, मध्ये मूठभर जुनं खत किंवा शेण. मूठ वळून दाबली तर हात ओला व्हावा, पाणी गळू नये, एवढी ओल. वास येऊ लागला तर ओलं जास्त झालं, सुका पाला घाला. आठवडाभरात मधोमध हात घातला तर चांगली ऊब लागते. ती ऊब जंतूंच्या कामाची आहे. ती उतरली की उलथायचं, म्हणजे आत हवा जाते आणि काम पुन्हा पेटतं. तीनदा उलथून झालं आणि पावसात भिजलेल्या मातीचा वास आला की खत तयार.

मोगऱ्याबद्दल एवढंच. त्याला दिवस-रात्रीच्या लांबीपेक्षा विश्रांती आणि उष्णता महत्त्वाची. डिसेंबरात पाणी तोडावं, जानेवारीत पानं झडली की फांद्या निम्म्यावर छाटाव्यात, फेब्रुवारीत कुंडीतली वरची माती काढून तिथे ताजं खत भरावं आणि मग भरपूर पाणी सुरू करावं. जानेवारीत मोगरा अगदी वाळल्यासारखा दिसतो. घाबरून त्याला पाणी घालणारे हात मी पाहिले आहेत, त्यांत माझे पहिल्या वर्षीचे हातही आहेत.

रस्त्याकडच्या कठड्यावर आता शेवंती नाही. तिथे कोरफड, गवती चहा आणि ओवा आहे, त्यांना दिव्याशी देणंघेणं नाही. काकूंच्या गॅलरीत गेल्या वर्षी त्यांच्या नातवानं रंगीत माळ लावली होती, रात्रभर जळणारी. सप्टेंबर लागला तशा काकू म्हणाल्या, "अगं, तू म्हणतेस म्हणून आजपासून दहालाच बंद करायला सांगितलीय त्याला."

"दहाला नको, काकू. सहालाच. नाहीतर शेवंती आमच्याकडे पाठवा दोन महिने."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नातू तीन कुंड्या घेऊन आमच्या जिन्यावर उभा होता. टाकीमागे आता अकरा कुंड्या आहेत.